तुमच्या घरातला चाहता

आई-बाबांनो, तुमच्या घरात एक चाहता वाढतो आहे. जेवताना तो एखाद्या गेमच्या नव्या भागाबद्दल तावातावाने बोलतो, एकच गाणं दिवसभर ऐकत बसतो आणि चित्रपट संपल्यावर थिएटरच्या पायऱ्या उतरायच्या आत निकाल देऊन मोकळा होतो: भारी, नाहीतर बकवास. तुम्ही काही विचारायला गेलात तर ‘तुला नाही कळणार’ म्हणून खोलीचं दार लोटून घेतो. त्याचं तुम्हाला किती लागतं, हे मी माझ्या बहिणींच्या आणि मैत्रिणींच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं आहे. त्यांच्याशी जे बोलत आले, तेच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी या तिन्ही गोष्टींची चाहती आहे. गेम खेळते, मैफलींना आणि कॉन्सर्टना जाते, चित्रपट थिएटरातच बघायचा हट्ट धरते. त्यामुळे मुलांच्या बाजूने थोडी जास्त बोलेन, तेवढं समजून घ्या. शाळा तुम्ही निवडलीत, क्लास तुम्ही लावलात, सुट्टीत कुठे जायचं तेही बहुतेक तुम्हीच ठरवता. आपल्याला काय आवडतं आणि काय नाही, हे मात्र मूल स्वतः ठरवू लागलं आहे. त्याचं मत आज कच्चं असेल, मित्रांकडून उचललेलं असेल. ते पक्कं व्हायला समोर कुणीतरी लागतं, जे नीट ऐकेल आणि मनापासून वादही घालेल. तो माणूस तुम्ही असावं, एवढंच मला सांगायचं आहे. तुम्ही नसाल तर स्क्रीनवरची अनोळखी माणसं ती जागा घ्यायला तयारच असतात.

गेमपासून सुरुवात करते, कारण घरोघरी जास्त भांडणं तिथेच होतात.

तुमच्यातले जे आज चाळिशीत आहेत त्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम पाहिलेला असणार. मे महिन्याची सुट्टी, शेजारपाजारची पोरं जमलेली, कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. काँट्रा असायचा, मारिओ तर असायचाच. त्या मारिओचा पहिला पडदा आठवून बघा. मारिओ डाव्या कडेला उभा आणि उजवीकडे सगळं मोकळं रान. कुठे जायचं हे कुणी सांगत नाही, पण हात आपोआप उजवीकडचं बटण दाबतो. समोरून एक तपकिरी, चिडका प्राणी चालत येतो. पहिल्या वेळी आपण त्याला धडकून मरतो. नुकसान काही सेकंदांचंच असतं, म्हणून रडू येत नाही. दुसऱ्या वेळी उडी मारतो. उडी मारताना डोकं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला लागतं आणि नाणं बाहेर येतं. पुढच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळत जातं, पाइपला आपटतं आणि उलटं आपल्याच अंगावर येतं. आपण घाबरतो, पण वर ठोकळ्यांची रांग असल्यामुळे धड निसटताही येत नाही. ते अंगाला लागतं आणि मारिओ मोठा होतो. हे तर चांगलं असतं, हे तेव्हा कळतं.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ मध्ये हे सगळं विचारपूर्वक रचलेलं होतं. सूचनांचा एक शब्द न लिहिता त्यांनी खेळाडूला अख्खा खेळ शिकवला. इतकं नेमकं शिकवणं मी फार थोड्या वर्गांत पाहिलं आहे. तुमचा मुलगा गेम भारी आहे म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला असलंच काहीतरी जाणवलेलं असतं. ते सांगायला शब्द नसतात. ‘नेमकं कुठे मजा आली, मला दाखव’ असं म्हणून त्याच्या शेजारी बसा. दाखवता दाखवता त्याचं त्यालाच सापडत जातं.

शेजारी बसल्यावर काय होतं ते आमच्या घरातलं सांगते. ‘जर्नी’ नावाचा एक गेम आहे, २०१२ साली आलेला. लांबसडक झगा घातलेला एक वाटसरू वाळवंटातून निघतो आणि दूरवर दिसणाऱ्या, माथ्यावर उजेड असलेल्या डोंगराकडे चालत राहतो. वाटेत दुसरा वाटसरू भेटू शकतो. जगात कुठेतरी त्याच वेळी कुणीतरी तोच गेम खेळत असतं, तो हा. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला इजा करता येत नाही. फक्त एक लहानसा सूर काढता येतो. दोघं जवळ आले की एकमेकांच्या उपरण्यात बळ भरतं आणि ते दोघं पुन्हा उडू लागतात. माझ्या भाचीने हा गेम तिच्या आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी आयुष्यात कंट्रोलर धरलेला नव्हता. वाळूत धडपडत चालले असताना तो दुसरा वाटसरू आला, थांबला, पुढे गेला, आजोबा मागे पडले तर परत आला. आजोबांनी विचारलं, ‘हा कोण गं?’ ती म्हणाली, ‘माहीत नाही. नाव शेवटी कळतं.’ यावर आजोबा म्हणाले, ‘म्हणजे वारीतल्यासारखंच की. नाव-गाव कोण विचारतो तिथे? सगळ्यांना माऊली म्हणायचं आणि चालायचं.’ मग डोंगर चढताना बर्फाचं वादळ लागलं, तेव्हा त्या दोघांना एकमेकांना चिकटून चालताना बघत आम्ही सगळेच गप्प होतो. गेम संपल्यावर पडद्यावर सोबत्याचं नाव आलं आणि आजोबांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

भाचीने हा गेम त्याआधी पुष्कळदा खेळलेला होता. पण आजोबांचं बोलणं ऐकल्यानंतर ती त्याच्याबद्दल वेगळं बोलू लागली. गेम करणाऱ्यांनी बोलायची सोय मुद्दाम ठेवली नसेल का, बोलता आलं असतं तर लोकांनी एकमेकांना शिव्याच दिल्या असत्या का, असे प्रश्न तिला पडायला लागले. माझ्या मते हाच विचार करणं म्हणजे रसिक होणं.

आणि असे गेम करणारे लोक आता आपल्या जवळपासही आहेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा चमूने २०२० साली ‘राजी’ हा गेम आणला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या एका कसरतपटू मुलीची ती गोष्ट आहे. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे, भिंतीवरच्या चित्रांतून सांगितलेल्या पुराणकथा आहेत आणि सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ आहे. तुमच्या मुलीला चित्रकलेची आवड असेल तर तिला हा गेम नक्की दाखवा.

आता जेवणाच्या ताटावरचं भांडण. ‘ये रे जेवायला’, ‘दोन मिनिटं’, ‘दोन मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास झाला.’ यात मुलं बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, कारण समोर आणि सोबत खरी माणसं खेळत असतात. मध्येच उठलं तर आपला चमू हरतो आणि उद्या शाळेत त्याचा जाब द्यावा लागतो. एकट्याने खेळायच्या पुष्कळशा गेममध्येही ठरावीक ठिकाणी पोचल्याशिवाय प्रगती जपली जात नाही. म्हणून मिनिटांत बोलू नका, सामन्यांत बोला. ‘हा सामना संपला की जेवण, दुसरा सुरू करायचा नाही’ हे सामना सुरू होण्याआधी ठरवा. हा करार मुलं पाळतात, कारण तो त्यांच्या खेळाचे नियम ओळखून केलेला असतो. मुख्य वायर ओढून काढलेल्या घरांत मात्र पुढची कितीतरी वर्षं त्या एका संध्याकाळचा राग टिकलेला मी पाहिला आहे.

पण चाहती म्हणून सांगते, सगळेच गेम माझ्या प्रेमाला पात्र नाहीत. काही गेम खेळाडूला मजा देण्यासाठी केलेलेच नसतात. रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल अशी भीती घालणारे, आत काय आहे हे न सांगता बंद पेटी विकत घ्यायला लावणारे, हरल्यावर पैसे भरून पुढे जायचा रस्ता दाखवणारे. असे गेम मला वाईट कलाकृती वाटतात आणि मुलांशी मी त्याच भाषेत बोलते. ‘पैसे वाया जातात’ हे मुलाला पटत नाही. ‘या गेमला तू आवडतोस की तुझ्या आईचं कार्ड?’ हे पटतं. कार्ड मात्र फोनला जोडून ठेवू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचे असतात त्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली. कायद्याने केलेला हा फरक आपल्यालाही घरात करता यायला हवा.

व्यसनाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं आयुष्य मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळ वाढत जाणं आणि हे साधारणपणे वर्षभर चालू राहणं, अशी ती लक्षणं आहेत. असं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सुट्टीत चार तास खेळलेल्या मुलाला व्यसनी म्हणू नका. तो शब्द त्याच्या मनात घर करून बसतो.

गेमचं संगीत कधी नुसतं ऐकलंय का? जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला सगळ्या देशांचे खेळाडू, आपलेसुद्धा, मैदानात आले ते जपानी व्हिडिओ गेमच्या सुरावटींवर. ‘जर्नी’च्या पार्श्वसंगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, एखाद्या गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला असं नामांकन मिळण्याची ती पहिली वेळ. ऑस्टिन विंटरी हा त्याचा संगीतकार. त्यात चेलो वाटसरूचा आवाज होऊन येतो. मुलगा हेडफोनवर ‘काहीतरी’ ऐकतोय असं तुम्हाला वाटतं तेव्हा ते कदाचित हेही असेल.

आणि संगीताच्या वेडाचं म्हणाल तर एका मुलाची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असायला हवी. गदगमध्ये जोशी नावाचे एक मास्तर राहायचे. त्यांच्या मुलाला वाद्यांचं इतकं वेड की रस्त्यावरून वाजतगाजत मिरवणूक निघाली की हा तिच्यामागे चालू लागायचा, दमून कुठेतरी झोपून जायचा आणि घरचे गावभर शोधत फिरायचे. अखेर वडिलांनी मुलाच्या शर्टावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं, म्हणजे ज्याला सापडेल तो घरी आणून सोडेल. पुढे अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घरातून पळूनही गेला. हे भीमसेन जोशी. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली त्यांनी पुण्यात जो उत्सव सुरू केला, त्याला आज आपण सवाई म्हणतो.

मला त्या मास्तरांचं फार कौतुक वाटतं. मुलाला मिरवणुकीमागे जाऊ द्यायचं आणि तो सुखरूप परत येईल याची तजवीजही करून ठेवायची. आजच्या आई-बाबांना मी दुसरं काय सांगणार? मुलगी कॉन्सर्टला जायचं म्हणते तर जाऊ द्या. पण सोबत कोण, कुठल्या दाराशी भेटायचं, फोनची बॅटरी संपली तर काय, शेवटची लोकल किती वाजता, हे आधी बसून ठरवा. तिच्याबरोबर तुम्हीच गेलात तर फारच छान.

‘यूट्यूबवर फुकट आहे, मग तिकिटाला एवढे पैसे कशाला?’ हा प्रश्न मला पुष्कळ बाबा विचारतात. सवाईला एकदा मुलाला घेऊन बसा. मंचावर तानपुरे जुळवले जात असतात आणि मूल विचारतं, अजून सुरू का होत नाही? त्याला दटावू नका. ‘ऐक, दोन तानपुऱ्यांतला फरक कधी मिटतो ते सांग’ असं म्हणा. आधी दोन वेगळे आवाज येतात, मग ते एकमेकांच्या जवळ सरकतात, मग अचानक सगळा मांडव एकाच आवाजाने भरून जातो. हे हेडफोनवर कुणी ऐकवत नाही, कारण रेकॉर्डिंगमधून तेवढा भाग कापलेला असतो. मग गवई षड्ज लावतो. आज तो किती वेळ तिथेच थांबणार आहे, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. चुकू शकणारा माणूस आपल्यासमोर बसून न चुकता गातो आहे, हे बघायला माणसं तिथे येतात. सवाई पूर्वी रात्रभर चालायचा, आता ध्वनिक्षेपकाच्या वेळेच्या नियमामुळे लवकर आटोपतो. रात्री उशिराचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळत नाहीत, याची हळहळ मला दर डिसेंबरला वाटते.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा प्रेक्षकांच्या मनगटांवर गाण्यासोबत रंग बदलणारे दिवे होते. मला विचाराल तर रोषणाई इतकी झाली की गाणं मागे पडतं. भाचीचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, ‘मावशी, त्या दिव्यांमुळे आम्हीच कार्यक्रम होतो, तू नुसती मंचाकडे बघतेस.’ यावर आमचं अजून एकमत नाही, आणि तिने माझं ऐकून मत बदलावं असं मला वाटतही नाही.

कानांबद्दल मात्र मी हट्टी आहे. मोठ्या कार्यक्रमांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. घरी आल्यावर कानात गुंई आवाज येत राहिला तर कानांवर ताण पडला आहे असं समजा. कानात घालायचे बोळे स्वस्तात मिळतात, ते मुलांना घेऊन द्या, स्वतःही वापरा, आणि मोठ्या स्पीकरच्या पुढ्यात उभं राहू नका. हे विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनाही तितकंच लागू आहे. तिथे तर कडेवरची बाळं असतात.

चित्रपटांबद्दल तुमच्या मनात भीती कमी असते, म्हणून तिथे बोलणंही कमी होतं. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर प्रमाणपत्रात यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वेगळे गट आले आहेत. तिकीट काढण्याआधी ते बघा. ही बंदी नसते. मूल त्या वयाखालचं असेल तर त्याला हे दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं असतं. लहानांना घेऊन बसायचं असेल तर ‘एलिझाबेथ एकादशी’ दाखवा. आपली लाडकी सायकल विकायला लागू नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत दुकान मांडणारी ती भावंडं मुलांना लगेच आपली वाटतात.

थोड्या मोठ्या मुलांबरोबर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ बघा. त्यात जब्याचं कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला धावतं आहे, डुक्कर अगदी हाताशी आलं आहे, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जातं. चित्रपटाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, आणि पडदा काळा होतो. एका ओळखीच्या मुलाने मला सांगितलं की त्याला शेवट आवडला नाही, ‘अर्धवटच सोडला’. त्याचे बाबा लगेच त्याला जातिव्यवस्थेवर सांगू लागले. सगळं बरोबरच सांगत होते ते, पण मुलाने ऐकणं थांबवलं होतं. मी मध्ये पडून एवढंच विचारलं, ‘दगड कुणाला लागला असेल?’ तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘आपण जिथे बसलो होतो तिथे.’ बाबांनी जे सांगायचं ठरवलं होतं, तिथे तो स्वतःच्या पायाने पोचला होता. शेवट आवडला नाही, हे त्याचं मत त्यानंतरही कायम राहिलं, फक्त आता त्याला कारण होतं: मला तो दगड नको होता, असं तो म्हणाला.

चित्रपट बघून आल्यावर लगेच परीक्षा घ्यायला बसू नका, एवढं मात्र सांभाळा. मुलांना वेळ लागतो. दोन दिवसांनी भांडी आवरताना किंवा गाडीत मागे बसलेली असताना ती अचानक बोलतात. त्या वेळी फोन बाजूला ठेवा.

राहता राहिली दहावी. हे वर्ष आलं की घरोघरी गेम कपाटात जातो, गाणी बंद, सिनेमा बंद. माझ्या बहिणीनेही भाचीसाठी तेच ठरवलं होतं. मी म्हटलं, तिला विचार तरी. भाचीने विचार करून गेम आपणहून कपाटात ठेवला, म्हणाली की तो सुरू केला की मला थांबवत नाही. कॉन्सर्टही सोडली. महिन्याला एक चित्रपट मात्र तिने मागून घेतला, तोही थिएटरात. बहिणीने कबूल केलं. वर्षभर हे चाललं आणि अभ्यासही झाला. फक्त कुठला चित्रपट बघायचा यावरून ती आणि तिचे बाबा दर महिन्याला असे कडाकडा भांडायचे, की शेवटी कोण बरोबर हे ठरवायला मला फोन यायचा.